श्वास आपला, ताण कुणाचा?

कामाचा ताण वाढला की हल्ली सगळीकडे एकच औषध सांगितले जाते. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, दहा मिनिटांत बरे वाटेल. बँकेत सांगतात, शाळेत सांगतात, पोलिसांच्या शिबिरात सांगतात. सोलापूरची जी पोरे हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला नोकरीला जातात, त्यांच्या कंपनीत तर यासाठी खास माणूस बोलावला जातो आणि त्या तासाला ‘माइंडफुलनेस’ असे नाव असते.

हे औषध कुणाच्या घरचे आहे, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही. आनापानसती ही तथागतांची शिकवण आहे. पण याच विषयावर आपल्या चळवळीत दोन तट पडले आहेत आणि दरवर्षी दोन्ही तटांचे लोक तेच तेच बोलतात. एक म्हणतो, विपश्यना म्हणजे चळवळ थंड करण्याचा डाव; बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, डोळे मिटायला सांगितले नाही. दुसरा इगतपुरीहून दहा दिवस मौन पाळून येतो आणि नंतर मोर्चाला बोलावले की म्हणतो, बाहेर काही नाही रे, सगळे आत आहे. पहिल्याने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ नीट वाचलेला नसतो. दुसऱ्याने वाचून बाजूला ठेवलेला असतो.

मला विचाराल तर श्वासाशी भांडण असायचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. कामाच्या ठिकाणी जो ताण तयार होतो तो कोण तयार करतो, आणि तो उतरवायची जबाबदारी कुणाच्या छातीवर टाकली जाते? याचे उत्तर इतिहासात शोधायचे तर सुरुवात गिरणीपासून करावी लागेल.

सोलापूरची जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि भोंग्यावर उठणारे, भोंग्यावर झोपणारे शहर तयार झाले. या शहरात श्वास हा कधीच नुसता आध्यात्मिक विषय नव्हता. कापूस फोडायच्या ब्लो रूममध्ये आणि कार्डिंगमध्ये हवेत तंतू तरंगत असतात. वर्षानुवर्षे ते आत गेले की छाती आवळते, दम लागतो. या रोगाला बायसिनोसिस म्हणतात आणि कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून त्याचे नाव आहे. त्याची एक खूण विचित्र आहे. सुरुवातीला त्रास आठवडाभर सारखा होत नाही. सुटीनंतर कामावर परतले की पहिल्या दिवशी छाती जास्त भरते. म्हणून विलायतेच्या गिरण्यांत त्याला ‘मंडे फीवर’, म्हणजे सोमवारचा ताप, असे नाव पडले. आजचे ऑफिसातले लोक सोमवारी कामावर जायचे जिवावर येते म्हणून विनोद करतात. कापडाच्या कामगाराला सोमवार फुप्फुसात जाणवत होता.

आणि सोमवार यायचा तर आधी रविवार असावा लागतो. तो रविवारही कुणी दान दिलेला नाही. जोतिराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचा अर्ज केला. गिरणी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली ती १० जून १८९० रोजी. ताणावरचा पहिला सार्वजनिक उपाय महाराष्ट्रात असा आला. तो शोधणाऱ्याने कामगाराला डोळे मिटायला सांगितले नव्हते, सह्या करायला सांगितले होते.

आता धोट्याकडे येतो, कारण श्वास आणि जात यांची गाठ इथे अगदी शब्दशः पडते. जुन्या पद्धतीच्या मागावर धोट्यातली कांडी संपली की विणकर नवी कांडी बसवायचा आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकाला लावून तोंडाने ओढून घ्यायचा. एक श्वास आत ओढला की धागा बाहेर. दिवसातून कितीतरी वेळा. मुंबईच्या गिरण्यांत याच कारणाने अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात, म्हणजे साचेखात्यात, घेत नसत. धागा तोंडाने ओढायचा, त्याला थुंकी लागणार, आणि तोच धोटा दुसऱ्या पाळीचा सवर्ण कामगार तोंडाला लावणार! विटाळ! विणाईची मजुरी कताईपेक्षा चांगली होती. त्या चांगल्या मजुरीच्या दारावर कुणाचा श्वास चालेल आणि कुणाचा नाही, याचा पहारा होता.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संप समितीपुढे ठेवला. साऱ्या कामगारांच्या हक्कांसाठी लढता, मग आमच्या लोकांना साचेखात्यात का नाही? लाल झेंड्याच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न अडचणीचा वाटला. मालकांनाही त्यावर बोलायचे नव्हते, कारण भेद कामगारांतच आहे असे म्हणून त्यांना हात झटकता येत होते. या प्रसंगावर आपल्याकडे खूप लिहिले गेले आहे, मी पुन्हा उगाळत नाही. मला इतकेच दाखवायचे आहे की ‘श्वास सगळ्यांचा सारखाच असतो’ हे ध्यानाच्या वर्गातले गोड वाक्य गिरणीच्या दारात खोटे ठरले होते.

सोलापूरला आणखी एक धडा आहे तो सेटलमेंटचा. आजही रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटले की कुठे जायचे ते कळते. गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना इथे तारेच्या कुंपणात ठेवले. त्यातली माणसे गिरणीत कामाला जात आणि हजेरीला परत कुंपणात येत. पाळीचा भोंगा वेगळा, हजेरीची घंटा वेगळी. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ज्याच्या मालकीची रात्रही नव्हती त्या कामगाराच्या ताणाला आजच्या कुठल्या मार्गदर्शकाने काय उपाय सांगितला असता?

हाच प्रश्न ऑफिसच्या नोकरीबद्दल विचारू. कामाच्या ठिकाणी माणसाला किती ताण येऊ शकतो, याचे आधुनिक भारतातले सर्वांत मोठे उदाहरण मला विचाराल तर बडोद्याचे आहे. १९१७ चा सप्टेंबर. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, लंडनला पुढचा अभ्यास अर्धवट सोडून आलेले २६ वर्षांचे भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. शिपाई कागदपत्रे त्यांच्या टेबलावर लांबून टाकत. कचेरीत प्यायचे पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून उतरावे लागले, आणि काही दिवसांनी काठ्या घेतलेली माणसे दारात आली. ते कामाठी बागेत झाडाखाली जाऊन बसले.

आज जे ताणमुक्तीचे वर्ग घेतात ते त्या झाडाखाली बसलेल्या तरुणाला काय म्हणाले असते? की सर, तुमचा श्वास उथळ चालला आहे? पोटातून घ्या? शास्त्र म्हणून ते चूकही ठरले नसते. घाबरलेल्या, अपमानित माणसाचा श्वास खरोखरच उथळ होतो. पण शिपाई दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद लांबूनच टाकणार होता. वर्षभरानंतर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाल्यावरही काही सहकाऱ्यांनी त्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाचे पाणी पिण्यावर हरकत घेतली. म्हणजे नोकरी बदलून हा ताण जात नाही आणि हुद्दा वाढूनही जात नाही. आपल्यातल्या ज्यांना ‘कोट्यातून आलेले’ हा टोमणा जेवणाच्या डब्यासोबत रोज खावा लागतो, ज्यांचा गोपनीय अहवाल कारण नसताना खाली येतो, त्यांना हे समजावून सांगायला नको. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली तेव्हा ती काही ध्यान येत नव्हते म्हणून गेली नाही.

बाबासाहेबांनी या ताणाचे पुढे काय केले, हा इतिहास नीट ओळीने वाचला तर त्यात एक सलग धागा दिसतो. १९३८ च्या जानेवारीत सोलापूर नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. पुढच्याच महिन्यात, १२ आणि १३ फेब्रुवारीला, मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली आणि तिथे त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. मग १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते.

इथे जरा थांबून आकडे पाहू, कारण आपल्या पोस्टरवर आकडे सैल असतात. ‘बाबासाहेबांनी चौदा तासांचे आठ तास केले’ असे आपण छापतो. कायद्याच्या कागदावर असे आहे: १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ झाली. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ४८ म्हणजे रोजचे आठ. चौदाचे आठ म्हणण्यात शोभा असेल, पण ५४ चे ४८ काही लहान नाही. आठवड्याला सहा तास. वर्षाचा हिशेब केला तर तीनशेहून जास्त तास कामगाराला परत मिळाले, झोपायला, पोराशी बोलायला, सभेला जायला. नुसते बसून श्वास घ्यायलासुद्धा.

त्याआधी, १९४५ च्या दुरुस्तीने, वर्षभर सलग नोकरी झालेल्या कारखाना कामगाराला पगारी रजा मिळाली. किती दिवस? दहा. विपश्यनेचे शिबीरही दहा दिवसांचे असते. हा योगायोग आहे, त्यात गूढ शोधू नका. पण शिबिराला जायचे तर आधी रजा लागते, आणि ती पगारी असावी लागते, हे विसरू नका. महाराष्ट्र शासन आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी पगारी रजा देते, ही चांगली गोष्ट आहे. मागावरच्या कामगाराला ती कोण देतो?

(जाता जाता एक. दर १४ एप्रिलला आपली मुले ‘१८ तास अभ्यास’ करतात. अभिवादन म्हणून ते मला आवडते. पण स्वतः अठरा तास वाचणाऱ्या या माणसाने कामगारासाठी मात्र तास कमी करायचा कायदा केला, हेही त्या मुलांना त्याच दिवशी सांगायला हवे. नाहीतर उद्या कंपनीचा मॅनेजर बाबासाहेबांचा दाखला देऊन त्यांना रात्री अकरापर्यंत बसवून ठेवेल.)

आता दुसरी बाजू. ऑफिसात ध्यान ही कल्पना आली कुठून? सगळे अमेरिकेचे नाव घेतात. जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ताण कमी करण्याचा आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला, तिथून ही लाट आली, हे खरे. पण त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधी हे काम ब्रह्मदेशात एका सरकारी कचेरीत चालू होते. सयाजी ऊ बा खिन हे तिथले महालेखापाल. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून म्हणून लागले, १९३७ मध्ये साया तेजी या शेतकरी गृहस्थाकडे आनापान आणि विपश्यना शिकले, आणि ४ जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्या दिवशी, महालेखापाल झाले. १९५० मध्ये त्यांनी आपल्या कार्यालयात विपश्यना मंडळ काढले आणि कचेरीतल्या लोकांना ते शिकवू लागले. १९५२ मध्ये रंगूनला त्यांचे ध्यान केंद्र उभे राहिले.

यातली महत्त्वाची गोष्ट बहुतेक लोक सांगत नाहीत. ऊ बा खिन हे त्या कचेरीचे साहेब होते. आधी साहेब स्वतः बसला, मग कारकून. आणि बसून उठल्यावर साहेबाने काय केले? हिशेब साफ केले. लाचखोरीसाठी बदनाम असलेले शेतमाल खरेदीचे सरकारी मंडळ सुधारायचे काम पंतप्रधान ऊ नू यांनी त्यांच्यावर सोपवले. म्हणजे कचेरीतल्या ध्यानाच्या या पहिल्या प्रयोगात कर्मचाऱ्याने साहेबाचा जाच शांतपणे सोसावा म्हणून त्याला डोळे मिटायला लावले नव्हते. साहेबाचे वागणे आणि कचेरीचा कारभार हाच त्या ध्यानाचा हिशेब होता. आज किती कंपन्यांत मॅनेजिंग डायरेक्टर पहिल्या रांगेत मांडी घालून बसतो, आणि उठल्यावर हजेरीचे रजिस्टर खरे लिहायला सांगतो?

सत्यनारायण गोएंका यांची गोष्ट याच कचेरीशी जोडलेली आहे. मंडालेत जन्मलेले मारवाडी उद्योगपती. धंद्याचा ताण, आणि मायग्रेन इतके की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. देशोदेशीचे डॉक्टर झाले. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि डोकेदुखीसाठी शिकायचे म्हणाले. गुरूने नकार दिला! डोकेदुखी घालवायला धम्म वापरायचा म्हणजे त्याची किंमत कमी करणे, असा त्यांचा अर्थ होता. मन शुद्ध करायचे असेल तर या, डोके थांबले तर थांबेल. मग गोएंका आले, शिकले, आणि १९६९ च्या जुलैत मुंबईच्या पंचायती वाडीत त्यांनी भारतातले पहिले शिबीर घेतले. इगतपुरी त्यानंतर काही वर्षांनी उभी राहिली. ‘स्ट्रेस रिलीफ’ म्हणून जे आज विकले जाते, ते त्या परंपरेच्या गुरूने दारावरच नाकारले होते. विपश्यनेला नावे ठेवणाऱ्या आपल्या मित्रांनी हे लक्षात घ्यावे, आणि विपश्यनेचा कंपन्यांत प्रसार करणाऱ्यांनी तर जास्तच.

रंगूनमध्ये हे सगळे चालू असताना, १९५४ च्या डिसेंबरात, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी त्याच शहरात होते. ब्रह्मदेशातला बौद्ध धर्म त्यांनी जवळून पाहिला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ याच वर्षांतले, ते प्रसिद्ध झाले १९५७ मध्ये, त्यांच्या परिनिर्वाणानंतर. त्यात ध्यानाबद्दल त्यांनी जे लिहिले आहे ते दोन्ही तटांना गैरसोयीचे आहे.

सिद्धार्थ आलार कालामाकडे ध्यानमार्ग शिकला, त्यात श्वासावरची एकाग्रता होती, हे बाबासाहेब सांगतात. मगधात श्वास रोखून धरण्याची पद्धत होती, तीही त्याने केली. कानात आवाज येत, डोक्यात सुरी खुपसल्यासारखी वेदना होई, हेही लिहितात. ध्यान टाकाऊ आहे असे ते कुठेच म्हणत नाहीत. पण समाधी आणि सम्यक समाधी यांत ते स्पष्ट फरक करतात. नुसती समाधी मनातले अडथळे तेवढ्यापुरते थांबवते, मनाला कायमचे वळण देत नाही. सम्यक समाधी मनाला कुशल कर्माचा विचार करायची सवय लावते. आता कंपनीतल्या दहा मिनिटांच्या वर्गाला हा निकष लावा. दहा मिनिटे अडथळा थांबला. अकराव्या मिनिटाला टार्गेटचा ईमेल आला. वळण कशाला मिळाले?

त्याच पुस्तकात, सिद्धार्थ घर सोडून निघाल्यावर शाक्य-कोलियांचा तंटा मिटल्याची बातमी येते. मग घरी परतावे का? बाबासाहेबांचा सिद्धार्थ परतत नाही, कारण राष्ट्रांची युद्धे प्रसंगी होतात, वर्गांचा संघर्ष कायम चालतो आणि जगातल्या दुःखाचे मूळ तिथे आहे, असे त्याला वाटते. गयेला झाडाखाली बसण्यापूर्वी त्याने चाळीस दिवसांचे अन्न जमवले, हा तपशीलही बाबासाहेबांनी आवर्जून दिला आहे. उपाशीपोटी ध्यान नाही.

पाली साहित्यातही हे आहे. आळवी नावाच्या गावी तथागतांचा उपदेश ऐकायला लोक जमले होते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता, तो सकाळभर रानात हिंडून दमून, उपाशी तिथे पोहोचला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. तो आल्यावर त्यांनी आधी विचारले, अन्न काही उरले आहे का? त्याला जेवू घातले, आणि मगच बोलायला सुरुवात केली. भिक्खू कुरकुरले. भुकेसारखा रोग नाही, हे धम्मपदातले वचन अट्ठकथेत या प्रसंगाशी जोडलेले आहे.

आणि नोकरीच्या ताणावर थेट बोलायचे तर दीघ निकायातले सिगालोवाद सुत्त काढा. राजगृहाचा सिगाल सहा दिशांना नमस्कार करतो, तथागत त्याला प्रत्येक दिशेचा अर्थ सांगतात. खालची दिशा म्हणजे नोकर आणि कामकरी. मालकाने त्यांच्यासाठी पाच गोष्टी करायच्या: झेपेल एवढेच काम द्यायचे, जेवण आणि वेतन द्यायचे, आजारपणात काळजी घ्यायची, घरात गोडधोड झाले तर त्यांनाही वाटा द्यायचा, आणि वेळोवेळी सुटी द्यायची. कामकऱ्यालाही पाच कर्तव्ये आहेत, त्यात मालकाआधी उठून मालकानंतर झोपायचे आहे. हे मी लपवत नाही, तो त्या काळाचा भाग आहे. पण कामाचे ओझे, मजुरी, आजारपण आणि विश्रांती यांचे उत्तर तथागतांनी मालकाकडून मागितले. श्वासाची साधना सर्वांना सांगितली. हे दोन्ही उपदेश एकाच गुरूचे आहेत. यातला श्वास तेवढा उचलायचा आणि वेतन मागे सोडायचे, ही चलाखी अलीकडची.

श्वासाने काहीच होत नाही, असे मात्र म्हणू नका. श्वास सावकाश केला, सोडताना जास्त वेळ घेतला, तर हृदयाचे ठोके मंदावतात, अंगातली धडधड उतरते. साहेब ओरडल्यानंतर राजीनामा फेकण्याआधी हे केले तर राजीनाम्याऐवजी तक्रार अर्ज लिहिता येतो, तारीख-वार घालून. चौकशी समितीपुढे उभे राहायचे असेल, मुलाखतीला ‘आडनाव काय’ हा प्रश्न येणार हे माहीत असेल, तर आनापान हे आपल्या कामाचे हत्यार आहे. ज्याला राग आवरता येत नाही त्याला हरवणे सोपे असते, हे आपल्यावर अन्याय करणाऱ्यांना चांगले माहीत आहे.

पण जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला कामाशी निगडित अवस्था म्हटले आहे, आजारांच्या यादीत टाकलेले नाही. म्हणजे मूळ कामाच्या जागेत आहे. आपल्याकडे मात्र २०२४ मध्ये पुण्यातल्या एका तरुण कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर देशभर कामाच्या ताणाची चर्चा झाली, तेव्हा केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी चेन्नईतल्या एका महाविद्यालयात सांगितले की मुलांना ताण पेलायला घरातून शिकवले पाहिजे, आतली शक्ती अध्यात्मातून, ईश्वरावरच्या श्रद्धेतून येते. कामाचे तास किती होते, हा प्रश्न त्यांनी घरच्यांकडे वळवला. पुढच्या वर्षी, २०२५ च्या सप्टेंबरात, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाच्या दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास केली. कामगाराची लेखी संमती लागेल, जादा पैसे मिळतील, असे सांगतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्याने संमती नाकारून दाखवावी! १९४६ मध्ये मिळवलेला वेळ असा परत जातो, आणि त्याच्या बदल्यात श्वासाचा वर्ग मिळतो.

सोलापूरच्या पूर्व भागात तर तासांचा हिशेबच नाही. तिथे हजारो बाया, बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतल्या, बिड्या वळतात. मजुरी हजार बिड्यांवर. पाने भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा, आणि कारखान्यात नेल्यावर त्यातल्या काही बाद ठरायच्या. मान खाली, पाठ वाकलेली, आणि दर श्वासाला तंबाखूची भुकटी. तिला ‘दीर्घ श्वास घ्या’ म्हणणाऱ्याने आधी त्या खोलीत दोन तास बसून यावे. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने तिलाही पगारी रजा दिली होती. कागदावर. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने या बायांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, ती लाल बावट्याच्या लढ्यातून. आपला निळा झेंडा त्या दारापर्यंत फारसा गेला नाही, कारण त्या बाया ‘आपल्यातल्या’ नाहीत असे आपण धरून चाललो. मनमाडच्या भाषणातला दुसरा शत्रू आपण विसरलो, तो असा.

म्हणून बुधवार पेठेपासून होटगी रोडपर्यंत ज्या ज्या विहारात रविवारी वंदना होते, तिथल्या उपासक-उपासिकांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवतो. वंदनेनंतर पंधरा मिनिटे आनापान करा, मनापासून करा. मग उठू नका. त्याच जागेवर अर्धा तास पगाराची चिठ्ठी, हजेरीचे कार्ड, पीएफचा नंबर, ईएसआयचे कार्ड, बिडीचे पुस्तक बाहेर काढा आणि एकमेकांचे वाचा. कुणाचे बारा तास भरून आठच लिहिले आहेत, कुणाचा पीएफ कापला पण भरला नाही, कुणाची रजा कधी दिलीच नाही, ते एका वहीत तारखेसह लिहा. वकील, निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसे आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांनी अर्ज लिहून द्यावेत. शेजारच्या गल्लीतल्या पद्मशाली बाईला, मोमीन विणकराला, सेटलमेंटमधल्या पोरालाही बोलवा. वंदनेला नाही आले तरी चालेल, वहीच्या वेळेला यायला सांगा. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात वही घेऊन एकट्याने जाऊ नका, दहा जण जा. आणि आत बोलावण्याची वाट पाहत बाकावर बसाल तेव्हा श्वासाकडे लक्ष ठेवा. तिथे वेळ भरपूर लागतो.